मधल्या सप्तकातला वळसा

बाईंनी तिसऱ्या रचनेची दोन पानं पियानोच्या स्टँडवर उभी केली. ती घसरली. पुन्हा उभी केली, वरून चष्म्याची डबी टेकवली आणि म्हणाल्या, "हं. ऐका आता."

वहिनीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. दवाखान्यात रोज लोकांच्या नसा शोधून सुई टोचणारी बाई ती. रडणारी पोरं, धष्टपुष्ट पण सुई बघून डोळे फिरवणारे पुरुष, ज्यांची नस काही केल्या सापडत नाही असे म्हातारे, सगळ्यांना तिने हाताळलं होतं आणि तिचा हात कधी हलला नव्हता. आज मेला कोंडून ठेवावा लागला होता. बाई वाजवत होत्या ते तिचं होतं, आणि खोलीत ते दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं.

बाईंच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, ही हौशी मंडळी जमायची. ज्याला काही सुचलं असेल त्याने ते लिहून, नाव वेगळ्या बंद पाकिटात घालून, आधीच बाईंच्या दारातल्या पेटीत टाकायचं. बाई ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखायला नको. मग त्या स्वतः वाजवणार आणि प्रत्येकाने मत द्यायचं. प्रत्येकाने म्हणजे ज्याने लिहिलंय त्यानेसुद्धा. "जो गप्प बसेल त्याचंच आहे असं समजेन मी," हे बाई दर वेळी बजावायच्या आणि दर वेळी स्वतःच हसायच्या. नापसंत पडलेलं पान कोणाचं, ते शेवटपर्यंत कळायचं नाही. आज मात्र वर्षाच्या कार्यक्रमासाठी एक रचना निवडायची होती. निवडलेली रचना बाई भर सभागृहात वाजवणार आणि पाकीट फोडून लिहिणाऱ्याचं नाव आत्ता, इथेच, सगळ्यांसमोर सांगणार.

वहिनीला ते नाव सांगितलेलं ऐकायचं होतं. टाळ्यांसाठी नाही. शेजारच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसलेल्या ताईंनी ते ऐकावं म्हणून.

ताई म्हणजे तिची थोरली नणंद. लग्न न केलेली, ऑडिटमध्ये वरच्या हुद्द्यावर, आणि घरातला पियानो त्यांचा. पहिल्या काही वर्षांच्या पगारातून पै पै साठवून घेतलेला. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ताईंनी हौसेने तिला शिकवायला घेतलं होतं. काही महिन्यांतच त्यांनी झाकण बंद केलं आणि भावाला सांगितलं, "तुझ्या बायकोला कान नाहीत. माझा वेळ फुकट गेला. यापुढे पियानोला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." कुलूप वगैरे काही घातलं नाही. ताईंचा शब्द कुलपाहून पक्का होता.

पण ताई सकाळी ऑफिसला जात आणि वहिनीची पाळी दुपारची असे. मधल्या रिकाम्या घरात झाकण उघडायला कोणाचा शब्द आडवा येतो? वर्षभर तिने चोरासारखं वाजवलं, चोरासारखं लिहिलं, आणि नवरासुद्धा घरी यायच्या आत सगळं पुसून ठेवलं. या मंडळात ती आली तीदेखील ताईंना बसमध्ये सोबत म्हणून. "ही माझी भावजय," ताईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हापासून ती सगळ्यांची वहिनी झाली. कोणाचंही वाजवून झालं की ती "छान आहे" म्हणायची आणि कोणी तिला पुढे काही विचारायचं नाही. आज पान निवडलं गेलं तर तिला त्या पियानोपाशी उघड बसता येणार होतं. एवढंच हवं होतं तिला.

बाईंनी शेवटची कॉर्ड वाजवली, हात खाली घेतले आणि खुर्ची वळवली.

"बोला."

विमावाले नेहमीप्रमाणे पहिले. "सुरू कधी झालं ते कळलं नाही. संपलं ते बाई वळल्या म्हणून कळलं."

लोक हसले. विमावाल्यांना एवढ्यावर थांबायची सवय नव्हती. "आणि मधे मी दोनदा घड्याळ पाहिलं. एकदा वेळ बघायला आणि एकदा ते चालू आहे की बंद पडलंय ते बघायला."

दातांचे डॉक्टर मान हलवत म्हणाले, "उजवा हात बरा आहे हो. पण डावा? नुसतं दार ठोठावतोय. शेवटी मलाच वाटलं, उठावं आणि उघडावं."

पुन्हा हशा. मग आणखी कोणी म्हणालं की दुसरं पान पहिल्याच्या ओळखीचं नाही, कोणी म्हणालं की पेडल दाबून चुका झाकल्यात. वहिनी ऐकत होती. दर महिन्याला हेच असायचं, याच लोकांच्या याच कोट्या, आणि तीही हसायची. तेव्हा हे इतकं लागत असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"वहिनी," बाई म्हणाल्या. "आणि आज 'छान आहे' चालणार नाही हं. निवड आहे आज."

सगळ्यांच्या माना वळल्या. छान आहे म्हणावं तर अंगाशी येणार, गप्प बसावं तर त्याहून वाईट. आणि मग तिने तेच केलं जे अडचणीत सापडलेलं माणूस करतं, म्हणजे घरात ज्याचं चालतं त्याच्यासारखं बोलायला लागली. पाठ ताठ केली, हनुवटी किंचित वर घेतली.

"याला रचना म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "घरात कोणी नसताना उगाच पट्ट्या दाबत बसलेल्या माणसाचं आहे हे. कोणी समोर बसलेलं असतं तर त्याची इतकं लांबवायची हिंमत झाली नसती."

हॉल दणाणला. दातांच्या डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. विमावाले "अरे वा, अरे वा" करत राहिले. ताईंनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत कौतुक होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"चला," ताई सगळ्यांना म्हणाल्या, "आमच्या भावजयीला शेवटी कान आले म्हणायचे!"

स्वतःच्या पोराच्या थोबाडीत मारून वर शाबासकी घ्यावी, तसं वहिनीला झालं. ती हसली. दुसरं काय करणार?

आता ताईंची पाळी. ताईंचं मत शेवटी असायचं, कारण त्यांच्यानंतर बोलायला कोणाकडे काही उरत नसे. त्या उठून पियानोपाशी गेल्या. बाईंनी जागा दिली.

"तुम्ही सगळे वरवरचं बोलताय," ताई म्हणाल्या. "लांब आहे, डावा हात कच्चा आहे, ते काय, नवशिक्याचं असतंच. मला या माणसाचा राग येतो तो वेगळ्या कारणाने. हा घाबरट आहे. हे ऐका." त्यांनी उजव्या हाताने चाल वाजवली. "इथे सूर चढतोय. चढतोय. आता एकच पायरी राहिली, कानाला तोच सूर हवाय, आणि ऐन वेळी हा खाली उडी मारतो. पुढे बघा. पुन्हा चढला. पुन्हा उडी. दारापर्यंत जायचं आणि बेल न वाजवता परत यायचं. एकदा नाही, दर वेळी!"

"त्या सुराशी भांडण असेल त्याचं," विमावाले म्हणाले.

"तेही नाही ना! हाच सूर वरच्या सप्तकात आहे, हा पाहा. खालच्या सप्तकात आहे, डाव्या हाताने तर मनसोक्त वाजवलाय. वर आहे, खाली आहे, फक्त मधलाच नाही. दोन्ही पानांत कुठेच..."

"मधली दाढ काढलेली दिसते," दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि हॉल पुन्हा फुटला.

ताई हसल्या नाहीत. त्यांचं बोट मधल्या सप्तकातल्या त्या पांढऱ्या पट्टीवर होतं. त्यांनी ती दाबली. बाईंच्या पियानोवर ती स्वच्छ वाजली. त्यांनी पुन्हा दाबली.

आणि वहिनीला तेव्हा कळलं. तोवर तिलाही ठाऊक नव्हतं. घरच्या पियानोवरची नेमकी ती पट्टी कित्येक वर्षं मुकी होती. दाबली की लाकडाचा टक् असा आवाज यायचा, बास. ताई वाजवताना ती बेधडक दाबायच्या. त्यांच्या प्रत्येक चालीत मधेच टक्, पुढे सूर, मधेच टक्, आणि घरच्यांना त्याची सवय झाली होती. ट्यूनर बोलवायचा विषय निघाला की ताई म्हणायच्या, "एका पट्टीसाठी सगळा पियानो उघडून बसेल तो." वहिनीने मात्र रिकाम्या घरात वर्षभर बसून जे रचलं ते त्या पट्टीला वळसा घालून रचलं होतं. रस्त्यात खड्डा असला की रोज जाणाऱ्याचा पाय आपसूक बाजूला पडतो आणि तो बाजूला पडतो हे त्याच्या लक्षातही राहत नाही, तसंच हे. तिने काही ठरवलं नव्हतं. तिचे हात ठरवून मोकळे झाले होते.

ताईंनी मान वळवली. बाईंकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, सरळ वहिनीकडे. मघाचं कौतुक त्यांच्या डोळ्यांतून कधीच निघून गेलं होतं.

"झालं माझं," त्या म्हणाल्या.

"अहो पण मत काय?" बाईंनी विचारलं.

"मत काय असणार? नापास."

बाईंनी हात वर करायला सांगितले. पहिल्या रचनेला दोन हात. दुसरीला बाकी सगळे. तिसरीला एकही नाही, कारण वहिनीला स्वतःचा हात मांडीखालून काढवला नाही. दुसरी विमावाल्यांची निघाली. ते लाजले, उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उभे राहिले. वहिनीने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

एरवी परतीच्या बसमध्ये ताईंच्या तोंडाचा पट्टा अखंड चालायचा, एकेकाची चिरफाड घराच्या दारापर्यंत पुरायची. आज त्या खिडकीशी बसल्या आणि पिशवी मांडीवर धरून बाहेरच बघत राहिल्या. वहिनी मागच्या बाकावर बसली. शेजारी जागा होती तरी. उतरल्यावर ताई झपाझप पुढे, ती मागे.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. "या! आज कोणाचा बळी घेतला?"

"तुझ्या बायकोला विचार," ताई म्हणाल्या.

त्याने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि लग्नानंतर अंगवळणी पडलेल्या शहाणपणाने म्हणाला, "चहा ठेवतो."

ताईंनी पिशवी सोफ्यावर टाकली. "कधीपासून चाललंय?"

"वर्ष झालं असेल."

"वर्ष! माझ्या पाठीमागे, माझ्या पियानोवर! आणि तिथे मला म्हणतेस, घरात कोणी नसताना पट्ट्या दाबत बसलेलं माणूस. काय पण धीट! तोंडावर कबुली दिलीस आणि मी मूर्ख तुझी पाठ थोपटली."

"विचारलं असतं तर बसू दिलं असतंत?"

"नसतंच दिलं! तुला कान नाहीत. मी शिकवून पाहिलंय. ती पट्टी वाजत नाही म्हणून काय तो सूरच लिहायचा नाही? मी रोज दाबते ती. मला ऐकू येतो तिथला सूर. ज्याला कान असतात त्याला येतो."

"मला नाही येत," वहिनी म्हणाली. "जे वाजतं तेवढंच मला ऐकू येतं. तुम्ही ट्यूनरला एकदा बोलावलं असतंत..."

"म्हणजे चूक माझी?"

"निम्मी."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "साखर कोणाला किती?"

"गप्प बस!" ताई ओरडल्या, आणि त्याच दमात वहिनी, "गप्प बसा हो!"

आत कपबशीचा आवाज झाला आणि मग तोही थांबला. वहिनीचा आवाज आता चढला होता. इतक्या वर्षांत या घरात तो चढला नव्हता, त्यामुळे तो कुठे थांबवायचा हे तिला माहीत नव्हतं.

"माझं निवडावं म्हणून जीव टांगणीला लागला होता माझा. वाटलं, बाई नाव घेतील, तुम्ही ऐकाल, आणि मग निदान तुम्ही घरात असताना मला त्या स्टुलावर बसता येईल. झालं काय? सगळ्यांसमोर मी माझ्याच पानावर थुंकले. तुमच्यासारखं बोलून थुंकले. आणि तेवढ्या एका वेळी तुम्हाला माझं कौतुक वाटलं, ताई. तेवढ्याच एका वेळी. मला शरम वाटतेय त्याची, पियानोला हात लावल्याची नाही वाटत."

ताईंनी पिशवी उचलली, विनाकारण झटकली, आणि म्हणाल्या, "माझ्या पियानोला पुन्हा हात लागला तर बघ."

"नाही लावणार. ठेवा तुमचा पियानो तुम्हालाच."

दोन दारं आपटली. मधल्या खोलीत तिचा नवरा तीन कप चहा घेऊन उभा राहिला आणि बऱ्याच वेळाने त्याने एकट्याने त्यातला एक प्यायला.

सकाळी सुट्टी होती. ताई उठल्या तेव्हा वहिनीने नाश्ता वाढून ठेवला आणि ती तिथून निघून गेली. कपड्यांची बादली घेऊन ती गच्चीवर जाण्यासाठी चप्पल घालत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीत झाकण उघडल्याचा आवाज आला. सुट्टीच्या सकाळी ताई वाजवायच्याच. ती जिन्यापर्यंत गेली असेल.

चाल सुरू झाली आणि तिची पायरी चुकली. ते तिचं होतं. पहिलं पान, पहिल्या ओळीपासून, जसंच्या तसं. एकदा ऐकलेलं, थोडंसं स्वतः वाजवून दाखवलेलं, आणि ताईंना सगळं पाठ. कानांचा तोरा ताई उगाच नव्हत्या मिरवत. वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री एवढं सगळं झालं आणि आता सकाळी घरात बसून पुन्हा नक्कल? तिने बादली तिथेच ठेवली आणि वाट बघत उभी राहिली, कशाची ते तिला नेमकं ठाऊक होतं. चाल चढत होती. आता ती जागा येणार, ताई पट्टी दाबणार आणि टक् वाजणार, आणि तो टक् म्हणजे कालचं सगळं मत पुन्हा एकदा, या वेळी घरात.

टक् वाजला नाही.

ताईंचं बोट ऐन जागेवरून खाली उतरलं, लिहिलं होतं तसंच. चाल पुन्हा चढली. पुन्हा तसंच उतरलं. तिसऱ्या वेळी हात जरा अडखळला. इतक्या वर्षांची सवय, बोट त्या पट्टीकडे ओढलं गेलंच असणार. पण तेही वळसा घालून गेलं. डावा हात दार ठोठावत होता, काल ठोठावत होता तसाच. पहिलं पान संपलं. दुसरं सुरू झालं आणि ते कालच्याइतकंच वाईट होतं. दुसऱ्याने वाजवल्यावर वहिनीलाही ते नीट ऐकू आलं.

ती ओल्या हाताने दारात येऊन उभी राहिली. ताईंनी वाजवणं थांबवलं. मागे वळून पाहिलं नाही.

"दुसरं पान भिकार आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"माहीत आहे तर लिहिलंस कशाला?"

"लिहिताना माहीत नव्हतं."

ताईंनी पहिल्या पानातली ती चढण पुन्हा एकदा वाजवली, हळू, आणि ती उतरल्यावर हात थांबवला.

"हे राहू दे," त्या म्हणाल्या. "बाकीचं सगळं बदल."

मग त्या उठल्या, भिंतीशी असलेली खुर्ची ओढत आणली आणि स्टुलाच्या डाव्या बाजूला ठेवून तिच्यावर बसल्या. पाठ ताठ.

"बस."

"काल म्हणालात, हात लावला तर बघ."

"मग? बघायलाच बसलेय. बस लवकर, मला दिवसभर वेळ नाही."

वहिनीने हात कपड्यांना पुसले. स्टुलावर बसली, जरा पुढे सरकली, आणि दुसरं पान वाजवायला घेतलं. तिसऱ्याच सुराला ताई म्हणाल्या, "चूक."

"ऐकलं," वहिनी म्हणाली, आणि पुढे वाजवत राहिली.